वाचकांचे प्रश्न : काटा, वही आणि खड्डा

हंगामाचे सण आटोपले की विदर्भातल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून आणि धर्मग्रामांकडून (कॅथलिक पॅरिशांकडून) पत्रं येऊ लागतात. मन आहे, माणसं आहेत, पण धान्याला कीड लागली, डाळ तोट्यात गेली, झाडं वाळली, असा त्यांचा सूर असतो. त्यांतली आठ पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं गाळली आहेत, अडचणी तशाच ठेवल्या आहेत.

प्रश्न : प्रभूमध्ये सलाम. हंगामाच्या सणाला आमच्या चर्चमध्ये ज्वारी, गहू, तूर, थोडा तांदूळ असं साडेअकरा क्विंटल धान्य अर्पणात आलं. लिलाव न करता गरजूंसाठी ठेवायचं ठरलं. वेस्ट्रीत (चर्चला लागून असलेल्या खोलीत) चुंगड्या (पोती) रचल्या. महिन्याभरात तुरीत भुंगे निघाले, ज्वारीला वास येतो आहे. शिवाय वाटायचं कुणाला, यावर समितीत दोन तट पडले आहेत.
— चर्च समितीचे सचिव, यवतमाळ जिल्हा

उत्तर : वास येतो म्हणजे ज्वारी ओली आली होती. सणाच्या दिवशी सगळ्यांचं धान्य एका ढिगावर ओतलं जातं, बिघाड तिथंच होतो. एका घरची पायलीभर ओली ज्वारी अख्ख्या चुंगडीला बुरशी आणते. पुढच्या वर्षी टोपल्या वेदीपुढं मांडा, उपासना होऊ द्या, पण ढीग करण्याआधी प्रत्येक टोपली तपासा. दाणा दाताखाली कट्ट करून फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. शंका असली तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर वाळलेलं मीठ आणि तीन मुठी धान्य घालून चांगलं हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. साठवणीला तो १२ च्या आत हवा. बाजार समितीत ओलावा मोजायचं यंत्र असतं, तिथं वाटीभर नमुना न्यायला लाजू नका.

आता आहे त्या ज्वारीचं बघा. नुसता कोंदट वास असेल तर दोन उन्हं द्या. दाणा काळा-हिरवा पडला असेल, हातात पीठ येत असेल तर ती माणसाला देऊ नका, गुराला नको आणि कोंबड्यांना तर मुळीच नको. बुरशीचं विष शिजवून जात नाही. ती खतात टाका. दानात आलेलं फेकवत नाही हे खरं, पण गरिबाच्या ताटात घालण्यापेक्षा खड्ड्यात घातलेलं बरं.

तुरीवर पांढरे ठिपके दिसतात ती भुंग्याची अंडी. ही कीड बहुधा वावरातूनच शेंगेसोबत येते, म्हणून कोठी कितीही स्वच्छ असली तरी निघते. दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरा, चाळा आणि शक्य तितक्या लवकर डाळ करून घ्या. फोडलेल्या डाळीत हा भुंगा फारसा वाढत नाही. अख्खी तूर ठेवायचीच असेल तर किलोला ५ मिलिलिटर खायचं तेल हातानं चोळा. अंड्याभोवती तेलाचा थर बसतो आणि ते आतच गुदमरतं. सल्फासची गोळी वेस्ट्रीत ठेवू नका. ओलाव्यानं तिचा विषारी वायू होतो आणि शेजारच्याच खोलीत तुमची रविवारच्या शाळेची मुलं बसतात. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत.

चुंगड्या फरशीवर नकोत. खाली लाकडी फळ्या, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून दीड-दोन फूट लांब. प्रत्येक चुंगडीवर धान्य, वजन आणि तारीख खडूनं लिहा.

राहिला तटांचा प्रश्न. दोन्ही बाजू बरोबर असू शकतात, कारण गरज दोन प्रकारची असते. आषाढ-श्रावणात, पोळ्याच्या आधी, कितीतरी कास्तकार घरांत दाणा संपलेला असतो, पण त्या घरात कमावती माणसं असतात. ती दुकानातून सवाईनं किंवा दिढीनं उचलतात, म्हणजे एक पोतं नेऊन सव्वा किंवा दीड परत करतात. अशांना दान नको असतं, उसनं हवं असतं. नऊ क्विंटलची धान्य बँक करा : ४५ घरांना प्रत्येकी २० किलो, हंगामानंतर परत २२ किलो. वरचे दोन किलो वाळण-घट आणि उंदीर-किडीत जातात, त्याला व्याज समजू नका. पाच-सात घरं परत करणार नाहीत हे आधीच धरून चाला आणि त्यांची नावं उपासनेत वाचू नका. उरलेले अडीच क्विंटल एकट्या म्हाताऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना आणि कर्ता माणूस गेलेल्या घरांना फुकट द्या.

कर्ता गेलेल्या घरी धान्यासोबत कागदही न्या. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात; कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे आणि अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतो. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर एक लाख मिळतात, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. तुमच्या समितीतल्या एका लिहित्या माणसानं तहसीलच्या चार फेऱ्या केल्या, तर त्या बाईला वर्षभराच्या ज्वारीपेक्षा जास्त मिळतं.

प्रश्न : आम्ही बारा जणी आहोत. शहरातल्या एका चर्चनं आमच्याकडून १०० किलो तूरडाळ "न्याय्य भावानं" मागितली आहे. मागच्या वर्षी आम्ही बाजारभावात दहा रुपये मिळवून दिली, तरी शेवटी हाती काही उरलं नाही. भाव काढायचा कसा?
— महिला मंडळ, वाशीम जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा घाटा बहुधा भागाकारात आहे. तुरीचा सगळा खर्च १०० किलोनं भागला जातो, पण १०० किलो तुरीची १०० किलो डाळ होत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल नीट चालवली तर ७० टक्क्यांच्या आसपास डाळ पडते. आपण ६८ धरू.

तूर घ्यायची ती निदान हमीभावानं. २०२५-२६ साठी तो क्विंटलला ८,००० रुपये होता. बाजार त्याच्या वर असेल तर बाजारभावानं. उचित व्यापाराच्या (फेअर ट्रेडच्या) आंतरराष्ट्रीय पद्धतीतही किमान दर आणि बाजारदर यांत जो जास्त तो द्यावा लागतो. आता हिशोब लावा. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घाला. तूर ८,०००. दळण किलोला ६ प्रमाणे ६००. तेल ६०. निवडणं, वाळवणं आणि भरणं यांचे दोन रोज, रोजी ४०० प्रमाणे ८००. पाकिटं ६८, प्रत्येकी ४ रुपये, २७२. पार्सल किलोला ८ रुपये, ५४४. बेरीज १०,२७६. यातून २५ किलो चुणी (डाळीचा चुरा आणि सालं) १८ रुपयांनी विकल्याचे ४५० वजा करा, उरले ९,८२६. भागिले ६८, म्हणजे किलोला १४४ रुपये ५० पैसे. फुटलेली पाकिटं आणि न विकलेला माल यासाठी ५ टक्के धरले की साधारण १५२. त्यावर ८ रुपये गटाच्या निधीचे. भाव १६० रुपये.

आणि १०० किलो डाळ द्यायची तर तूर लागेल १४७ किलो, दीड क्विंटलच धरा.

रोजीचे ४०० पाहून कुणीतरी म्हणेल, "आपल्याच बाया आहेत, सेवा म्हणून करतील." हे ऐकू नका. रोजगार हमीची मजुरीच २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. बाईचा दिवस शून्य धरून काढलेला भाव न्याय्य होत नाही, फक्त स्वस्त होतो. एखादीला आपला रोज सोडायचाच असेल तर आधी पैसे हातात घेऊन मग अर्पणात टाकावे, म्हणजे वहीत खरा खर्च दिसेल.

निधीच्या ८ रुपयांचं काय करायचं ते पाळकसाहेबांनी किंवा शहरातल्या चर्चनं ठरवू नये. तूर देणाऱ्या कास्तकारांनी आणि काम करणाऱ्या बायांनी बैठकीत हात वर करून ठरवावं. उचित व्यापारातल्या अधिमूल्याचा, म्हणजे भावावर मिळणाऱ्या जादा रकमेचा, नियम हाच आहे. तिथं आणखी एक सोय असते, करार झाला की उत्पादकाला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मागता येते. तुम्हीही मागा. शहरातली मंडळी पैसे डाळ पोचल्यावर आणि "पुढच्या समितीच्या सभेत" देणार असतील, तर तेवढे दिवस त्यांना भांडवल तुम्ही पुरवताय.

दळणात डाळ कमी पडते ती घाईमुळे. तूर चाळून एकसारख्या दाण्याची करा. पहिल्या फेरीत सालाला नुसते ओरखडे पाडा. मग क्विंटलला पाव ते अर्धा किलो तेल चोळून रात्रभर झाकून ठेवा, दोन उन्हं द्या, अडीच-तीन लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग करून ठेवा, वाळवा आणि मग फोडा. ऊन कमी मिळालं की साल चिकटून राहते, तीच डाळ पुन्हा फिरवावी लागते, कडा झिजतात आणि चुणी वाढते. जानेवारीची नवी तूर आतून ओली असते, तिला एक ऊन जास्त लागतं.

खरेदीत कडता (वजनातली मनमानी घट) कापू नका. काटा इलेक्ट्रॉनिक, वैधमापनच्या शिक्क्याचा, दर वर्षी तपासलेला असावा. वजन कास्तकारासमोर करा आणि पावती लगेच द्या.

प्रश्न : हळदीच्या पाकिटावर "फेअर ट्रेड", "सेंद्रिय" आणि "वायगाव हळद" असं छापायचं आहे. चालेल का?
— युवा संघ, वर्धा जिल्हा

उत्तर : तिन्हींना कागद लागतो. फेअरट्रेडची खूण प्रमाणपत्राशिवाय वापरता येत नाही आणि प्रमाणपत्राचा खर्च दहा-वीस घरांच्या गटाला झेपत नाही. त्यापेक्षा पाकिटामागं साधं लिहा : "या पाकिटाच्या १०० रुपयांतले इतके कास्तकाराला, इतके मजुरीला." हे छापायला परवानगी लागत नाही, मात्र आकडा वहीशी जुळला पाहिजे. "सेंद्रिय"साठी पीजीएस-इंडिया या सहभागी हमीच्या सरकारी पद्धतीचा रस्ता आहे. किमान पाच कास्तकारांचा स्थानिक गट लागतो आणि ते एकमेकांची वावरं तपासतात. "वायगाव हळद" हे समुद्रपूर तालुक्यातलं भौगोलिक मानांकन आहे. त्या यादीत अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलेल्यालाच ते लिहिता येतं. शेजारच्या गावची हळद कितीही पिवळी असली तरी तिच्यावर ते नाव नको.

अन्नपदार्थ विकता म्हणजे अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच. लहान उलाढालीला मूळ नोंदणी पुरते, तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर येतो. सोबत निव्वळ वजन, किंमत, भरल्याचा महिना-वर्ष, बॅच, पत्ता, तक्रारीचा फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण. हळद कुटायला देण्याआधी गिरणीवाल्याला विचारा की आधी मिरची दळली का. सगळ्यात जास्त पाकिटं यामुळं परत येतात.

प्रश्न : प्लास्टिक बंद व्हावं म्हणून कापडी पिशव्या शिवतो आहोत. ६० रुपयांना कुणी घेत नाही, दुकानात "कापडी" पिशवी १५ ला मिळते. कापडही फार वाया जातं.
— सिलाई केंद्र, अमरावती जिल्हा

उत्तर : दुकानातली ती कापडी नाही. काडीला लावून पाहा : सुताची पिशवी जळून राख होते, दुकानातली वितळून तिचा मणी होतो. ते पॉलिप्रोपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. हा प्रयोग रविवारी उपासनेनंतर अंगणात एकदा करून दाखवला तर भाषणाची गरज पडत नाही.

कापड वाया जातं ते मांडणीमुळं. मांजरपाट आधी धुऊन वाळवा, नाहीतर शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आटते आणि शिवण ओढली जाते. धुतल्यावर ४४ इंच पन्हा (रुंदी) उरेल असं कापड घ्या. पन्ह्यात आडवे ३५ इंच पिशवीच्या अंगाला; दुमडून १६ इंच उंची आणि वरच्या मुडपीला दीड-दीड इंच जातात. लांबीत १५ इंच. शेजारी ९ इंचांची पट्टी उरते, तिच्यात ३ इंच रुंद आणि २२ इंच लांब असे तीन बंद (पिशवी धरायचे पट्टे) बसतात. म्हणजे ४५ इंच लांबीत तीन पिशव्या आणि त्यांचे सहा बंद, चिंधीही उरत नाही. दहा मीटरमध्ये २५ पिशव्या होतात. तुमच्या २० किंवा २१ होत असतील तर बंद वेगळ्या कापडातून कापले जात आहेत. बंद फाटतो तो वरच्या मुडपीवर. तिथं चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला, एक सरळ टीप पुरत नाही.

भावाचं म्हणाल तर ६० रुपये बरोबरच आहेत. कापड, रोजी आणि धागा मिळून पन्नासच्या पुढं जातातच. किराणा ग्राहक तेवढे देणार नाही, त्याच्यामागं लागू नका. लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं, चर्चच्या परिषदा इथं १००-२०० ची मागणी आगाऊ घेऊन शिवा. गावासाठी जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवा आणि त्या विकू नका, आठवडी बाजारात भाजीवालीकडं ठेवा : १० रुपये ठेव, पिशवी परत केली की १० परत.

प्रश्न : आम्ही धान्य आणि शाळेच्या वह्या वाटतो. गावात कुजबुज आहे की धर्म बदलायला वाटतात. शिवाय आमच्यातल्या एकाचा भाऊ परदेशातून पैसे पाठवायला तयार आहे. घ्यावे का?
— धर्मग्राम परिषदेचे सदस्य, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : कुजबुज थांबवायला खुलासे करत बसू नका, वाटपाची रीत बदला. यादी आशाताई, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्य यांच्यासोबत बसून करा. वाटप चर्चमध्ये नको, शाळेच्या व्हरांड्यात किंवा घरोघरी. त्या दिवशी प्रार्थना, पत्रकं, बायबल काही नको. प्रार्थनेला रविवार आहे. हात पसरलेल्या माणसाचा फोटो काढू नका. आणि यादीत तुमच्याच मंडळीची घरं जास्त असतील तर लोक बोलणारच, त्यात त्यांची चूक नाही.

पैशाचं वेगळं आहे. गट नोंदणीकृत नसेल तर लोकांकडून धर्मादाय वर्गणी गोळा करायला सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. भाऊ अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, मग तो सख्खा भाऊ असला तरी. त्यासाठी २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं हवं. ज्याच्याकडं नोंदणी आहे अशा दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून वळवून घेऊ असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. २०२० पासून तसं हस्तांतर बंद आहे.

प्रश्न : मिशन कंपाउंडात चिंचेचा, कडुनिंबाचा पालापाचोळा ढिगानं पडतो. दर शनिवारी जाळतो. आता जाळू नये असं ठरलं. खत केलं तर वर्षभरात ढीग तसाच राहिला, वर वाळलेला, आत वाळवी.
— चर्चचे राखणदार व समिती, बुलडाणा जिल्हा

उत्तर : नुसता वाळका पाला कुजत नाही. त्याला शेण, माती आणि पाणी लागतं, आणि हवाही. यासाठीची रीत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसवली, म्हणून तिला नाडेप म्हणतात.

विटांचं टाकं बांधा, आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंती ९ इंची, त्यांत जाळीसारखी भोकं ठेवत जा. शेवटचा थर सिमेंटमध्ये पक्का करा, नाहीतर भरताना वरच्या विटा निसटतात. सामान आधी गोळा करा : पाला, कुटार (भुसा), पऱ्हाटीचे (कपाशीच्या झाडांच्या काड्यांचे) तुकडे मिळून १,४०० ते १,५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, चाळलेली कोरडी माती १,५०० ते १,७५० किलो, पाणी दीड ते दोन हजार लिटर. तळ आणि भिंती शेणपाण्यानं भिजवा. मग सहा इंच पाला, सुमारे १०० किलो. त्यावर ४-५ किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून ओता. त्यावर ५०-६० किलो माती पसरून पाणी शिंपडा. असे दहा-बारा थर, काठाच्या दीड फूट वर झोपडीच्या छपरासारखा उतार येईपर्यंत. वरून तीन इंच शेण-मातीचा लेप. टाकं एक-दोन दिवसांतच भरून झालं पाहिजे. रोज टोपलीभर टाकत राहिलं तर ते उकिरड्यासारखंच वागतं, तुमचं बहुधा हेच झालं.

पंधरा-वीस दिवसांत माल आठ-नऊ इंच खाली बसतो. पुन्हा थर भरून लिंपा. लेपाला भेगा पडल्या की शेणकाल्यानं बुजवा. भेगेतून ओल उडते आणि कोरड्या मालात वाळवी शिरते. भोकांतून हात घालून पाहा, कोरडं लागलं तर तिथूनच पाणी मारा. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघतं. लग्नाच्या मांडवातले थर्माकोल, चमकीचे कागद आणि मेणबत्त्यांचं मेण आधी वेचून काढा. पऱ्हाटी वीतभर तुकडे करूनच टाका, अख्खी काडी चार महिन्यांत कुजत नाही.

प्रश्न : चर्चचं छप्पर टिनाचं, ६५ फूट लांब, ३३ फूट रुंद. पावसाचं पाणी साठवलं तर किती मिळेल? आमच्याकडं बोअरचं पाणी खारं आहे.
— अकोला जिल्हा

उत्तर : छपराचं क्षेत्र २०० चौरस मीटर धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. टिनावरून ८० टक्के हाती लागतं, म्हणजे दर मिलिमीटरला १६० लिटर. हंगामात ७५० मिलिमीटर पडला तर १,२०,००० लिटर. पण १०,००० लिटरची टाकी ६२ मिलिमीटरमध्येच भरते, दोन चांगल्या पावसांत. म्हणून टाकीचा ओसंडा विहिरीकडं किंवा शोषखड्ड्याकडं काढा, वाटेत मोठे दगड, गिट्टी आणि रेती असा गाळणखड्डा करा. खारपाणपट्ट्यात टाकीचं पाणी फक्त पिण्या-रांधण्याला ठेवा.

पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं असतं, छपरावर कबुतरांची घाण असते. उभ्या पाइपाला खाली झाकणाचा एक फाटा ठेवा, निदान २०० लिटर त्यातून वाहू द्या.

टाकीला किंवा विहिरीला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी असं काढा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये; येईल ते हजार लिटरमध्ये. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, त्याला ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत ओता, अर्धा तास थांबा. जुनी, उघडी पडलेली पावडर घालून उपयोग नाही, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. आणि टीसीएलनं जंतू मरतात, खारेपणा किंवा फ्लोराइड जात नाही.

प्रश्न : पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं पत्र "लाउदातो सी" वाचून आमच्या धर्मग्रामानं पर्यावरणाचं काम हाती घेतलं. दोन वर्षांत २०० रोपं लावली. नऊ जगली.
— नागपूर जिल्हा

उत्तर : २०० लावली हीच चूक. रोप जुलैत लागतं आणि पुढच्या मे महिन्यात मरतं. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, आणि पहिला उन्हाळा काढला तरच झाड आपलं म्हणायचं. म्हणून हिशोब पाण्यापासून उलटा करा. रोपाला फेब्रुवारी ते पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोनदा दहा-दहा लिटर. ३० रोपांना आठवड्याला ६०० लिटर, म्हणजे तीन ड्रम. तेवढं वाहणारी माणसं असतील तर ३० लावा, नसतील तर १५. प्रत्येक रोप एका घराच्या नावानं द्या.

खड्डा एप्रिल-मेमध्ये खणा, दोन फूट लांब, रुंद, खोल, आणि महिनाभर तापू द्या. वरची माती वेगळी ठेवून तीच खाली भरा, सोबत दहा किलो कुजलेलं खत आणि पाव किलो निंबोळी ढेप, वाळवीसाठी. काळ्या जमिनीत पावसात पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. तिथं रोप वीतभर उंचवट्यावर लावा आणि बुडाशी कुटाराचं आच्छादन घाला. बरडात (मुरमाड, हलक्या जमिनीत) उलट, थोडं खोलगट आळं ठेवा. पिशवी पूर्ण कापून काढा. मुळं गोल फिरलेली असतील तर ती छाटा, नाहीतर झाड तीन वर्षांनी विनाकारण वाळल्यासारखं वाळतं. बुडाशी आठ-दहा लिटरचं मडकं, तळाला भोक पाडून चिंधीची वात घालून, पुरलं तर पाणी निम्म्यावर येतं.

बकऱ्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण १९१ मधली बरीच त्यांनीच खाल्ली असतील. बाभळीच्या काट्यांचं पाच फुटी कुंपण लोखंडी जाळीपेक्षा स्वस्त पडतं आणि चोरीला जात नाही. करंज बकऱ्या फारसा खात नाहीत, कडेच्या ओळीत तो लावा. आत चिंच, बेहडा, आवळा. गायरानावर लावायचं तर आधी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या.

मोह रोपवाटिकेतून आणून लावाल तर सोटमूळ दुखावतं आणि तो रुसतो. त्याचं बी जागेवरच पेरा, एका खड्ड्यात तीन. फळं पडतात तेव्हाच गोळा करून आठ-पंधरा दिवसांत मातीत जायला हवं. डब्यात ठेवलेलं मोहाचं बी पुढच्या वर्षी उगवत नाही.